खारूच्या आजोबांची कवळी

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. वरच्या दातांची. हसलात ना? हसा. माझे नाव काढले की सगळेच दात काढतात, आणि ज्यांना स्वतःचे आहेत त्यांनी ते जरूर काढावेत. पण एकदा एक भरलेले सभागृह मला हसले होते. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. माझ्याहूनही जास्त ती एका मुलीला वाटते. ही गोष्ट खरी तिची आणि तिच्या आजोबांची आहे. मी त्यांच्यामधली अर्धी बत्तीशी, एवढेच.

माझा जन्म एका दातांच्या दवाखान्यामागच्या लहानशा खोलीत झाला. तिथे कवळ्या बनवणारा कारागीर खिडकीशी बसून काम करी. प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात, अशी मी घडत गेले. दात निवडायला आजोबांना बोलावले होते. त्यांनी सर्वांत पांढरे दात बाजूला सारले. म्हणाले, "एवढे पांढरे नकोत. लोकांना वाटेल, म्हाताऱ्याने कुणाचे तरी पळवले." मग कारागिराने मला जरा पिवळसर दात दिले आणि पुढचा एक किंचित तिरका बसवला, कारण आजोबांचा स्वतःचाही तसाच होता.

आजोबा पूर्वी बसच्या मोठ्या स्थानकात घोषणा करत. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे सांगणारा आवाज त्यांचा. तिथले लोक त्यांना भोंगा म्हणत आणि त्यांना ते आवडे. निवृत्त झाल्यावर त्यांचे वरचे दात गेले आणि दातांबरोबर अक्षरेही गेली. 'स' म्हणायला जावे तर नुसता वारा सुटे. 'फ' ओठांतच विरून जाई. मी तोंडात बसले त्या दिवशी त्यांनी दवाखान्यापासून घरापर्यंतची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. केशकर्तनालय, सायकलचे दुकान, येथे गाड्या लावू नयेत. भाजीवाली वळून वळून पाहत होती. घरी पोहोचून त्यांनी मुलीला हाक मारली, तशी ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, तुमचा आवाज आला," एवढेच ती म्हणाली. मला मिळालेले ते सर्वांत मोठे कौतुक.

या मुलीची मुलगी म्हणजे खारू. तिचे खरे नाव वेगळे. पण बोलताना ती शब्द गालात साठवून ठेवायची, अर्धा बाहेर आणि अर्धा आत, म्हणून आजोबांनी तिची खारुताई केली आणि घराने तिची खारू केली. वर्गात तिला काही विचारले की ती पुटपुटे. बाई पुन्हा "काय?" म्हणत आणि मग तिची दातखीळच बसे. वडील दुसऱ्या गावी नोकरीला होते, आई दिवसभर कामावर. दुपारी घरात खारू, आजोबा आणि मी.

जेवणे झाली की आजोबा गॅलरीत खुर्ची टाकत आणि खारूला दुसऱ्या टोकाला उभी करत. ती तिथून घोषणा करत खोट्या गाड्या सोडी. स्वयंपाकघरातून सुटणारी, मोरीमार्गे पलंगाकडे जाणारी जलद गाडी. कधी पलंगाची गाडी उशिराने धावे, कारण तिच्यावर मांजर झोपलेले असे. आजोबा मनापासून हसत, पण चूक सोडत नसत. "गावाचं नाव गिळायचं नाही," ते सांगत. "आपल्याला ते नुसतं नाव असतं. पण कुणाला तरी तिथे उतरायचं असतं." आणि खारू चुकून भलतीच गाडी सोडून गप्प बसली, तर म्हणत, "चुकीची घोषणा झाली तर पुन्हा करायची. आधीची चुकली होती, हेही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगायचं." हळूहळू खारूचे गाल रिकामे होत गेले. शाळेत ती धडा वाचू लागली की शेवटच्या बाकावरची मुलेही गप्प बसू लागली.

मित्रांनो, कवळी तेवढीच राहते, हिरड्या मात्र झिजत जातात. काही वर्षांनी मी आजोबांच्या तोंडात सैल झाले. घास चावताना हलायचे, घासायचे, टकटक वाजायचे. आजोबांनी कुणाला काही सांगितले नाही. कडक पदार्थ ते ताटाच्या कडेला सारत आणि भूक नाही म्हणत. खारू तोवर मोठी झाली होती. मी वाजले की ती ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. आजोबा तिला शाळेपर्यंत सोडायला निघाले, तर कोपऱ्यावरच म्हणे, "इथून मी जाते." आजोबा मान डोलावून परत फिरत. माझी टकटक मलाच ऐकवत नसे. पण कवळीने तोंड लपवायचे तरी कुठे?

त्या वर्षी खारूला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. आईला सुट्टी मिळाली नव्हती. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. मुख्याध्यापिकाबाई तरुणपणी रोज त्याच बस स्थानकातून ये-जा करत. त्यांनी आजोबांना ओळखले, व्यासपीठावर बोलावले आणि एकच घोषणा करून दाखवा म्हणाल्या. आजोबांनी दोनदा नको म्हटले. मग केसांवरून हात फिरवून ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. मी टाळूला जिवाच्या आकांताने धरून बसले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," आजोबा म्हणाले, आणि सभागृह शांत झाले. तोच जुना आवाज होता. मागे बसलेल्या काही पालकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग आजोबांनी 'फलाट' म्हणायला तोंड उघडले आणि 'फ'बरोबर मी बाहेर पडले. व्यासपीठाच्या फळ्यांवर आपटले, घसरत गेले आणि अगदी कडेला थांबले.

जे हसू फुटले ते थांबेचना. आजोबा सावकाश वाकले. त्यांनी मला उचलले, रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. खिशातून मला दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. ते पायऱ्या उतरून मुलींच्या घोळक्याकडे गेले. त्यांना खारूच्या पाठीवर हात ठेवायचा असणार. तेवढ्यात तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारले, "हे तुझे आजोबा ना गं?"

"नाही," खारू म्हणाली. "आमच्या शेजारचे आहेत."

एकही अक्षर तिने गिळले नाही.

आजोबांची पावले थांबली. मग ते बिनदातांच्या तोंडाने म्हणाले, "हो, शेजारीच राहतो. छान बोललीस हं, बाळ." आणि एकटेच घरी आले.

त्यांनी मला धुतले, डबीतल्या पाण्यात ठेवले आणि झाकण लावले. पुढचे कितीतरी दिवस ते उघडले नाही. हिरड्यांना जरा विश्रांती देतोय, असे त्यांनी खारूच्या आईला सांगितले. ते बोलेनासे झाले. काही हवे असले तर बोटाने दाखवत. आई येईल-जाईल त्याला खारूचे बक्षीस दाखवी, आणि दाखवून झाले की खारू ते भिंतीकडे तोंड करून ठेवी. बेसिनशी आली की ती माझे झाकण उचलून बघे आणि पुन्हा लावी. तिचे गाल पुन्हा भरले होते.

एका दुपारी ती गॅलरीत जाऊन आजोबांसमोर उभी राहिली. तिने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. आजोबांनी घाई केली नाही.

"मी चुकीचं सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही शेजारचे नाही, माझे आहात. मला त्या दिवशी तुमची लाज वाटली. आता माझी वाटते."

आजोबा उठून आत आले. त्यांनी मला डबीतून काढून तोंडात बसवले, कारण उत्तर त्यांना पूर्ण अक्षरांत द्यायचे होते. परत खुर्चीवर बसून ते म्हणाले, "मलाही माझी लाज वाटली होती, खारू. म्हणून तर मी 'हो' म्हटलं. तुझ्याबरोबर मीसुद्धा खोटं बोललो." थोडे थांबून ते म्हणाले, "माझ्यापाशी तू बोललीस, बरं केलंस. पण तिथे जे सांगितलंस ते त्या मुलीला सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी खारूने वर्गात, सगळ्यांसमोर, मैत्रिणीला खरे काय ते सांगितले. मैत्रीण डबा उघडत होती. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं दोघांचं नाक एकच आहे." बाकीच्यांनाही ठाऊक होते. खारू घरी येऊन हे सांगताना रडली आणि आजोबांनी आपले नाक चाचपून पाहिले.

पण तिची खरी लाज पुढे होती. ती आजोबांना माझ्यासकट दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मला काढले आणि आत दिवा धरला. माझ्याआड हिरड्या सोलवटल्या होत्या, दोन ठिकाणी जखमा झाल्या होत्या. कधीपासून दुखते, असे डॉक्टरांनी विचारले. आजोबांनी हात हलवून विषय उडवला. डॉक्टर खारूकडे वळले. "हे कालपरवाचं नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"घरात सगळे आहेत, डॉक्टर," आजोबा म्हणाले. "मीच बोललो नाही."

खारू आपल्या चपलांकडे पाहत होती. "मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "रोज जेवताना." शेजारचे म्हटल्याची माफी ती मागू शकली होती. ताट उचलून गेली त्या सगळ्या जेवणांची माफी कशी मागायची, हे तिला कळेना.

कारागिराने मला आतून नवा थर चढवला. मी पुन्हा घट्ट बसू लागले. त्यानंतरही आजोबा काही वर्षे होते, चांगले खात होते, पाट्या वाचत होते. शेवटच्या आजारात ते पलंगावर होते, तेव्हा खारू रोज लहान ब्रशने मला घासून द्यायची. मग एके दिवशी मला कुणी डबीतून काढले नाही.

आजोबांचे सदरे कुणाकुणाला दिले, चष्म्याची चौकट दिली, छत्री दिली. कवळी मात्र कुणाला देता येत नाही, मित्रांनो. ती एकाच तोंडाची असते. आईने मला हातात घेतले आणि ठेवायचे तरी कुठे, असे विचारले. खारूने मला आपल्या कपाटात ठेवले. मी तिथेच आहे. पाणी आटले, रंग उडाला. कधी ती कपाट उघडते, माझ्याकडे बघते, आणि तिचा चेहरा अजून खाली जातो. आजोबांनी तिला केव्हाच माफ केले होते. पण त्याने तिची लाज गेली नाही, आणि ती जावी असे तिलाही वाटत नसावे.

तुमच्याही घरी बेसिनपाशी एखाद्या वाटीत माझी कुणी बहीण असेल. तिला हसायला माझी हरकत नाही. पण जेवताना ती वाजू लागली तर ताट उचलून जाऊ नका. जरा जवळ सरका आणि विचारा, "दुखतंय का?" उत्तर 'नाही' असेच येईल. पुन्हा विचारा.