एक्केचाळिसाव्या घरातला स्वल्पविराम

दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षं झाली या व्रताला. सकाळ देवाची, उरलेला दिवस माणसांचा. वाद्यवृंदात सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि माझ्या कामाला तोंड लागतंच कुठे? स्वरलिपीच्या प्रती उतरवायच्या, तालमीआधी स्टँडवर मांडायच्या, नंतर पेन्सिलीच्या खुणा खोडून कपाटात ठेवायच्या. अगदीच अडलं तर पाटी आहे. कंडक्टरसाहेब म्हणतात, "अख्ख्या वाद्यवृंदात विराम नीट पाळणारी ही एकटीच बाई."

या वर्षी माझी भाची पहिल्या फ्लूटच्या खुर्चीत बसली, पण तात्पुरती. त्या खुर्चीत सव्वीस वर्षं ज्या बसल्या त्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांच्यासाठी एका रचनाकाराने एक संथ रचना लिहिली होती. बाई ती वाजवायच्या तेव्हा तो मागच्या भिंतीला टेकून, चष्मा काढून उभा राहायचा. तो गेला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात त्याच पानाची घडी निघाली. त्या रचनेत छत्तिसाव्या घरापासून सत्तेचाळिसाव्यापर्यंत फ्लूट एकच लांब ओळ गाते. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आमच्यात घर म्हणतात. बाई ती ओळ एका श्वासात वाजवतात, हे ऐकायला लोक लांबून यायचे. मीही डोळे मिटून ऐकायचे. तेवढा वेळ देवाचं नाव राहून जायचं. त्याची माफी मागून झाली आहे.

आता तीच रचना आली होती. भाचीला ती ओळ जमली तर खुर्ची तिची कायमची. न जमली तर दुसऱ्या फ्लूटची.

मंगळवारी तिच्यापुढे बाईंचीच जुनी प्रत मांडली होती. एक्केचाळिसाव्या घरात, वरच्या बाजूला, पेन्सिलीने काढलेला एक बारीक स्वल्पविराम होता. श्वासाची खूण.

"हे कोणी काढलं?" कंडक्टरसाहेब वाकून म्हणाले. "बाईंनी कधी श्वास घेतला नाही, तर तुलाही घेता येणार नाही. पुसा ते."

मी पुसलं. बुधवारी सकाळी खूण पुन्हा तिथेच होती. मी भाचीकडे पाहिलं.

"मावशी, माझ्याकडे कशाला बघतेस? कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात."

खरंच होतं ते. शिवाय स्वल्पविरामाची शेपटी अशी डावीकडे ओढायची सवय बाईंचीच. मी पुन्हा पुसलं. तालीम सुरू झाली. भाची छत्तिसावरून निघाली, एक्केचाळिसात आली, आणि सगळ्या हॉलला श्वास ऐकू आला. ओला, दमलेला. भाची चोवीस वर्षांची आहे. तो श्वास सत्तरीचा होता. शेजारच्या ओबोवाल्याने आपली खुर्ची हळूच बाजूला सरकवली.

"घेतलास," कंडक्टरसाहेब म्हणाले.

"नाही घेतला, साहेब."

"मग मी घेतला का?"

साहेबांनी छडी स्टँडवर ठेवली.

"शुक्रवारी शेवटची तालीम. तेव्हा श्वास ऐकू आला, तर खुर्ची सोड."

घरी माझ्या मेहुण्यांनी, तिच्या वडिलांनी, तिला हसवायचा प्रयत्न केला. "तुमचा कंडक्टर तिकीट न फाडताच खाली उतरवतो होय?" ती ताटावरून तशीच उठली.

शुक्रवारी सकाळी मी प्रती मांडत होते. फ्लूटच्या पानावर तो स्वल्पविराम होताच. मी रबर हातात घेतलं, आणि पुसण्याआधी शेजारच्या स्टँडकडे नजर गेली. हार्पच्या पानावरही, त्याच घरात, स्वल्पविराम.

हार्पला श्वास कसला? तारांचं वाद्य ते.

जुनी प्रत जीर्ण झाली म्हणून हार्पचं ते पान मी या उन्हाळ्यात नव्याने उतरवलं होतं. मी तशीच कपाटाच्या खोलीत गेले आणि जुना गठ्ठा सोडून शोधत बसले. अकरा वाजून गेल्यावर ते पान हाती लागलं. एक्केचाळिसाव्या घरात आधी, नेमका स्वल्पविरामाच्या जागी, हार्पचा झंकार होता, मग विराम. मी उतरवताना आधी विराम लिहिला होता, मग झंकार. माझ्या दिवसासारखं. मात्रांची बेरीज तीच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. कंडक्टरसाहेबांची प्रतही त्याच उन्हाळ्यात मीच उतरवलेली, त्यातही तीच चूक.

म्हणजे बाई तिथे श्वास घ्यायच्या. सव्वीस वर्षं. आणि त्या भल्या रचनाकाराने त्यांच्या श्वासापुढे झंकाराचा पडदा लावून ठेवला होता. माझ्या हातून तो सरकला.

हॉलमधून फ्लूट ऐकू आली. छत्तीस. सदतीस. पाटी कुठे ठेवली ते आठवेना. जुनं पान घेऊन मी धावले.

"थांबा!"

साडेअकरा वाजले होते. माझा आवाज मलाच परका वाटला. कंडक्टरसाहेबांच्या हातातली छडी खाली पडली.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "हार्पचा झंकार आधी हवा, विराम नंतर."

त्यांनी जुनं पान बराच वेळ पाहिलं. "एवढ्या वर्षांत पहिली चूक?"

"पहिली सापडलेली."

हार्पवालीने आपलं पान दुरुस्त केलं. मी भाचीच्या कानाशी वाकले. व्रत मोडलंच होतं. "एक्केचाळिसात घे. हार्पच्या आड."

पुन्हा छत्तीसपासून. झंकार पहिल्या मात्रेवर पडला. तिचे खांदे किंचित वर गेलेले मी पाहिले. ऐकू मात्र काही आलं नाही. सत्तेचाळीस संपलं तेव्हा कंडक्टरसाहेबांचे डोळे मिटलेले होते.

"एका श्वासात," ते म्हणाले. "बाईंसारखं. खुर्ची तुझी, पोरी."

"अगदी बाईंसारखं," मी म्हणाले. भाचीला जोरात खोकला आला.

बारा वाजले, सगळे जेवायला गेले. मी प्रती गोळा करायला लागले. हार्पच्या पानावर स्वल्पविराम नव्हता. फ्लूटच्या पानावरही नव्हता, त्या जागी फक्त रबराचा चुरा पडला होता. माझं रबर सकाळपासून माझ्याच मुठीत होतं. मूठ उघडली. ते निम्मं झिजलं होतं, आणि कोमट होतं.

चुरा उडवायला मी फुंकर घालणार होते. मी श्वास घेण्याआधीच तो उडाला.