डावी म्हणजे कुठून डावी?

माझ्या दोन भावांनी ट्रकची वाटणी केली तेव्हा मी तिथे हजर होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये. ट्रक विकायला दादा तयार नव्हता, दादाला एकट्याला द्यायला धाकटा तयार नव्हता, आणि एकमेकांचं वाईट व्हावं यावर मात्र दोघांचं एकमत होतं. शेवटी कागद झाला : डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. मला वाटलं थट्टा चाललीय. दोघांनी सह्या केल्या. ट्रक चालवायचं लायसन्स दोघांकडेही नाही. ते माझ्याकडे आहे, म्हणून माझ्या वाट्याला नुसतं चालवणं आलं.

तीन वर्षं बरी गेली, म्हणजे दोघांमध्ये बोलणं नव्हतं. मग मॅनिफोल्ड तडकला.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारं बिडाचं जाड नळकांड. आमच्या जुन्या इंजिनाला ती दोन आहेत, दोन बाजूंना. त्यातल्या एकाला करंगळीएवढी चीर गेली आणि धूर सायलेन्सरची वाट सोडून माझ्या केबिनमध्ये राहायला आला. आठवडाभर मी फरशीच्या कारखान्याचा माल डोकं धरून पोचवला. शुक्रवारी तिथल्या मॅनेजरनं सांगितलं, "सोमवारी असाच धूर ओकत आलात तर गेटच्या आत घेणार नाही. आमची स्वतःची गाडी उभीच आहे. ड्रायव्हर मिळाला की तीच लावतो."

ती फेरी गेली असती तर ट्रक भंगारात गेला असता आणि मी घरात बसले असते, दोन भावांच्या मधोमध. त्यापेक्षा भंगार बरं.

शनिवारी सकाळी मी दोघांना मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये बोलावलं. एकाच दारातून आत येणं दोघांनाही मान्य नव्हतं आणि गॅरेजला दार एकच आहे. धाकटा खिडकीतून आला.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून चीर दाखवली.

"तुझी बाजू फुटलीय," दादा धाकट्याला म्हणाला. तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"माझी? डोळे तपासून घे. माझी उजवी. ही डावी आहे."

"इथे समोर उभा राहून बघ. उजवी दिसते की नाही?"

"ट्रकच्या समोर कोण उभं राहतं? मरायचंय का?"

"तू राहा ना. मी सांगतो ताईला गिअर टाकायला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागदात 'डावी' असं लिहिलं होतं, पण कुठून डावी ते कुणी लिहिलंच नव्हतं. दादा समोर उभं राहून मोजत होता, धाकटा आत बसून. म्हणजे तीन वर्षं दोघंही एकाच बाजूला आपली समजून जपत होते. त्या बाजूच्या टायरमध्ये दोनदा हवा भरली जायची. दुसरी बाजू बेवारस होती. तिला कुणी साधा पानाही लावला नव्हता, आणि तीच फुटली होती.

"बाजू कुणाची ते तुमचं तुम्ही ठरवा," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "ज्याची बाजू, त्याचा शब्द. तो सांगेल तसं करतो. भंगारातून जुना बिडाचा मॅनिफोल्ड आणू, की बाजारातले हेडर बसवू?"

"हेडर!" धाकटा उडालाच. हेडर म्हणजे त्याच जागी बसणाऱ्या लांब, वळणदार पोलादी नळ्या. त्यांचा फोटो त्यानं मोबाइलच्या पडद्यावर लावला होता, जिथे लोक मुलांचे लावतात. "धूर मोकळा निघतो, गाडी चढावर उडते!"

"आवाज दुप्पट, ताकद चमचाभर," मिस्त्री म्हणाला. "आणि त्या नळ्या तापल्या की शेजारचा स्टार्टर भाजून काढतात. गरम गाडी एकदा बंद केलीत की परत सुरू व्हायला तिच्या पाया पडावं लागेल. या वयाच्या गाडीला बीडच बरं."

"ऐकलंस? बीड," दादा म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? ज्याची बाजू त्याचा शब्द." धाकटा तरातरा ट्रकच्या समोर जाऊन उभा राहिला. "इथून बघितलं तर ही उजवी. माझी!"

दादा तोवर केबिनमध्ये चढून बसला होता. "इथून डावी! माझी!"

दोन मिनिटांपूर्वी जी बाजू कुणालाच नको होती, तिच्यावरून आता हाणामारी व्हायची वेळ आली. दादानं हॉर्न दाबून धरला. धाकट्यानं वायपर उपटला. वायपर त्याच्याच बाजूचा निघाला, तेव्हा त्यानं तो परत लावायचा प्रयत्न केला.

"गाडीची डावी म्हणजे चालवणाऱ्याची डावी," मिस्त्री ओरडला. "सगळीकडे हेच चालतं. ताई, बसा आणि डावा हात वर करा."

मी दादाला खाली उतरवलं, बसले, हात वर केला. दादा जिंकला.

"आणू मग जुना मॅनिफोल्ड?" मिस्त्रीनं विचारलं.

दादानं धाकट्याकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला. "माझी बाजू नीट झाली की याची बाजू फुकटात पळणार. मी फुटकीच ठेवीन."

"दादा, धूर मी खातेय."

"कागदात तुझं नाव कुठंय?"

कागदात खरंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मी दोघांना निरोप दिला : मॅनेजरला मालकाशी बोलायचंय. मालक म्हटल्यावर दोघंही वेळेआधी हजर. केबिनमध्ये कोण खिडकीशी बसणार यावर थोडा वाद झाला. खिडकी दादाला मिळाली. तिचं हँडल मी आधीच काढून ठेवलं होतं. माझी काच उघडी होती.

कारखान्याच्या अलीकडे लांब चढ आहे. पहिल्या वळणावर धाकटा खोकायला लागला.

"कसला वास येतोय?"

"तू जवळ बसलायस," दादा म्हणाला.

दुसऱ्या वळणावर दादाचे डोळे टोमॅटोसारखे झाले. मी विचारलं, "बदलायचा का मॅनिफोल्ड?"

"मला काही होत नाही," असं म्हणून त्यानं सकाळचा नाश्ता धाकट्याच्या मांडीवर परत केला.

"मुद्दाम केलंस!"

"स्वतःच्या बाजूला कोण करतं?"

मला वाटलं होतं, दोघांपैकी एक तरी म्हणेल की ही रोज कशी बसते इथे. कुणी म्हटलं नाही. मी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला, दोन्ही दारं सताड उघडली आणि चावी दादाच्या हातात दिली.

"कुठे चाललीस?" दोघांनी एकदम विचारलं.

"कामावर."

उरलेला चढ मी पायी चढले. गेटवर मॅनेजर घड्याळ बघत उभा होता.

"ट्रक कुठंय?"

"मालकांकडे."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"तुमची गाडी उभी आहे म्हणालात. तिला ड्रायव्हर नाही, आणि मला गाडी नाही."

त्यानं माझं लायसन्स उलटंसुलटं बघितलं. मग चावी आणायला आत गेला.

तासाभरानं फरश्या भरून मी उतार उतरत होते, तर दोघं ट्रकजवळ उभे. चढावर चिरेतल्या धगीनं स्टार्टर भाजला होता, आणि आळीपाळीनं चावी फिरवून फिरवून त्यांनी बॅटरीही संपवली होती. मला बघून दोघांनी हात केले.

"ताई, ओढून ने गं!"

मी थांबले. कितीही झालं तरी भाऊ. दोरखंड काढला.

"कुठल्या बाजूला बांधू?"

"डावीकडे!"

"उजवीकडे! नाहीतर बांधूच नकोस!"

फरश्या दुपारच्या आत पोचवायच्या होत्या. मी दोरखंड परत ठेवला आणि गिअर टाकला. केबिनमध्ये कसलाच वास नव्हता. मी दोनदा हुंगून खात्री केली.