खिसा चाचपून

मला परीक्षा केंद्रातल्या त्या बाकावर बसवत नव्हतं. उठायचं, खिडकीशी जायचं, परत यायचं. शेवटी नवरा म्हणाला, "परीक्षा बाबांची आहे, तुझी नाही. एका जागी बस बघू."

"तुम्ही बसा. तुमच्या वडिलांना या वयात कुणी बंदूक धरायला शिकवत नाहीये."

बाबा सव्वीस वर्षं दागिन्यांच्या दुकानाच्या दारात स्वतःची दुनळी बंदूक घेऊन उभे आहेत. आता नवा कायदा आला. प्रत्येक बंदुकीची नोंद करायची, आणि त्याआधी मालकानं परीक्षा देऊन दाखला आणायचा. नापास झाला तर पंधरा दिवसांचं शिबिर. दुकानाच्या शेटजींनी स्वच्छ सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत दाखला नाही तर नोकरी नाही. आज बुधवार. घरी बसवलं तर हा माणूस महिन्याभरात खचेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"गाडी चालवायला परीक्षा द्यावी लागते, मग बंदुकीला का नको?" नवऱ्यानं आठवडाभर चाललेला वाद पुन्हा उकरला.

"दरोडेखोर येणार आहेत का इथं रांगेत फॉर्म भरायला? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय."

"अगं, चोरीची बंदूक सापडली तर ती कुणाची हे तरी कळेल."

मी जास्तच चिडले. तेवढ्यात आतून बाबांचं नाव पुकारलं. काचेपलीकडे सगळं दिसत होतं, दार उघडंच असल्यानं ऐकूही येत होतं.

परीक्षा घेणारा साहेब बघून माझा जीव भांड्यात पडला. पूर्वी हा त्याच दुकानात बाबांच्या हाताखाली पहारेकरी होता, बंदूक धरायला बाबांनीच शिकवलं होतं त्याला. आता काय, काम फत्ते. त्यानं वाकून नमस्कार केला आणि सरावाची, आत दारू नसलेली दोन काडतुसं पुढे केली. बाबांनी ती केंद्राच्या बंदुकीत भरली, नेम धरला, नळी खाली झुकवली. हात अजून दगडासारखा स्थिर. मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"बंदूक रिकामी करा, काका. गुडघा कसा आहे आता?"

बाबा गुडघ्याबद्दल सांगू लागले. जिना, औषध, सगळं सांगून झालं.

"रिकामी ना?"

बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला. "रिकामी." आणि बंदूक टेबलावर ठेवली, तोंड समोर लिहीत बसलेल्या कारकून बाईंच्या पोटाकडे.

ही त्यांची जुनी रीत. ड्युटी संपली की काडतुसं काढून खिशात टाकायची आणि वरून हात फिरवायचा. खिसा जड, म्हणजे बंदूक रिकामी. साहेबानंही खिशाकडेच बघितलं आणि कागदावर खूण केली. तोही तसंच शिकला होता ना.

पण बाबांचे शर्ट मी शिवते. सहा महिन्यांपूर्वी शेटजींनी जादाची दोन काडतुसं कायम अंगावर ठेवायला सांगितली, तेव्हा त्या खिशाला दुहेरी कापड मीच लावलं होतं. तेव्हापासून तो खिसा जडच असतो.

म्हणजे तो चाचपून काहीच कळणार नव्हतं. गप्प बसले असते तर दाखला हातात होता. पण त्या बाई टेबलावर ओणवून लिहीत होत्या.

"साहेब, थांबा," मी आत जाऊन म्हटलं. "बंदूक उघडून बघा."

त्यानं उघडली. दोन्ही काडतुसं आतच होती.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबानं मान खाली घालून खूण खोडली. वाटेत मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. मोठी आली शहाणी, बापाच्या पोटावर पाय देणारी!

घरी आल्यावर बाबा चपलाही न काढता आतल्या खोलीत गेले. कपाटाआडची दुनळी बाहेर काढून त्यांनी उघडली आणि तसेच उभे राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती, आणि ही सरावाची नव्हती.

आई फडकं घेऊन दारात आली. "कशाला काढलीत ती? सकाळीच पुसलीय मी. नळीत डोळा घालून आतली धूळसुद्धा बघितली."

बाबा मटकन खाटेवर बसले. दोन्ही काडतुसं काढून त्यांनी उशाशी ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या साहेबाला फोन लाव. शिबिराला बसतो म्हणावं, पहिल्या दिवसापासून."

"बाबा, शुक्रवार..."

"लाव म्हटलं ना."

मी फोन लावला. शनिवारी दुकानाच्या दारात दुसरा माणूस उभा होता.