एकवीस दिवस पाणी

ज्याने मातृभूमीसाठी छातीवर गोळी झेलली, त्या वीराविषयी लिहिताना लेखणी थरथरते.

एवढं मी वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी चष्मा पुसायचं थांबवलं.

"गोळी कधी लागली ह्यांना?"

"लागली नव्हती?"

"सत्तेचाळीस वर्षं संसार केलाय मी, जावईबापू. अंगावर एकच वण होता, तोही सळईचा."

मी गोळी खोडली. मग लेखणीचं थरथरणंही खोडलं. कागद कोरा झाला.

सासरे जाऊन महिना झाला होता. तरुणपणी ते तीन वर्षं फौजेत होते, त्याच काळात युद्ध झालं. पुढची अडतीस वर्षं बांधकामावर गवंडी. माजी सैनिकांच्या संघटनेत सभासद वारला की त्याचा फलक लागतो. वर नाव, खाली पाच ओळींत पराक्रम. पराक्रम नसेल तर फलक नाही, असा ठराव चिटणीसांनी करून घेतला होता. चिटणीस स्वतः युद्धभर कोठारात ब्लँकेटं वाटत होते, पण त्यांच्या पाच ओळी तयार होत्या. फक्त तारीख घालायची बाकी होती.

माझ्या बायकोला तो फलक हवा होता. तिच्या वडिलांना जन्मभर लोकांनी "ए गवंडी" अशीच हाक मारली. एकदा तरी पूर्ण नाव भिंतीवर लागावं, एवढंच तिचं म्हणणं. पदवीधर म्हणून ओळी माझ्याकडे आल्या. पदवी वाणिज्याची आहे, पण घरात तेवढीच आहे.

अडचण अशी, की सासरे युद्धाबद्दल बोलत नसत. विचारलं की "फार थंडी होती," म्हणायचे आणि विषय विटांवर न्यायचे. तिथून त्यांना परत आणणं अवघड. बांधलेली भिंत पक्की व्हावी म्हणून लोक तिला सात दिवस पाणी मारतात, हे एकवीस दिवस मारत. मुकादम ओरडायचा, "टँकर काय तुझा बाप पाठवतो?" मग हे सुट्टीच्या दिवशी घरची बादली घेऊन जात. बायकोच्या लहानपणच्या सगळ्या सहली अशा अर्धवट इमारतींतच झाल्या. भिंत तहानलेली ठेवू नये, असं त्यांचं मत. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा मला मात्र पाणी विचारायचं राहून गेलं होतं.

शेवटी बायको मला घेऊन हवालदारांकडे गेली. सासऱ्यांच्या तुकडीतले तेवढेच उरले होते. ऐकू कमी यायचं, त्याची भरपाई ते आवाजात करत.

"काका, बाबांनी युद्धात काय केलं?"

"भिंत बांधली."

"तिथेपण?"

"वाळूच्या पोत्यांची. आम्ही अकरा जण. समोरून तोफा चालू. मी म्हटलं, टाक पोती नि बस खाली. तर हा म्हणतो, भिंत एका अंगाला झुकलीय. आणि उतरवली की सगळी. दोरीला दगड बांधून ओळंबा केला, एक डोळा मिटून बघितलं, नि पुन्हा पहिल्यापासून रचली. मी त्याला ज्या शिव्या घातल्या ना, तेवढ्या शत्रूलाही नाही घातल्या."

बायको खुर्चीत पुढे सरकली. "मग त्या भिंतीमुळे तुम्ही वाचलात?"

"काय?"

"भिंतीनं वाचवलं का तुम्हाला?"

"कोण जाणे, पोरी. गोळा आमच्याकडे आलाच नाही."

ती पुन्हा मागे टेकली. मी मनातल्या मनात आणखी एक ओळ खोडली. हवालदारांनी बराच वेळ गुडघा चोळला.

"पण तिच्यामागे झोप लागली," ते एकदम म्हणाले. या वेळी आवाज साधा होता. "सगळ्यांनाच लागली. पूर्ण युद्धात मला तेवढीच एक झोप आठवते."

बसची वाट बघताना बायको म्हणाली, "हेच लिही."

"यात पराक्रम कुठंय?"

"तू लिही."

मी लिहिलं: 'तोफा चालू असताना यांनी झुकलेली भिंत उतरवून सरळ बांधली. तिच्यामागे अकरा जण झोपले.'

चिटणीसांनी कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"शत्रूची हानी?"

"काही नाही," मी म्हणालो.

"आपली?"

"काही नाही."

"मग याला पराक्रम कसं म्हणायचं?"

आम्ही संघटनेच्या सभागृहात बसलो होतो. याच सभागृहाची समोरची भिंत सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी फुकट बांधून दिली होती. सभेला ते कामावरून थेट यायचे, खुर्चीला सिमेंट लागेल म्हणून बसायचे नाहीत. त्याच भिंतीला टेकून उभे राहायचे.

"काका," बायको म्हणाली, "बाकीच्या तिन्ही भिंतींना ओल आलीय. हिला का नाही आली?"

चिटणीसांनी चारही भिंती क्रमाने पाहिल्या. त्यांचा स्वतःचा फलक ज्या भिंतीवर लागायचा होता, तिथे पोपडे सुटले होते.

"पण ओळी दोनच का?" ते म्हणाले.

"तेवढंच घडलं."

"बरं. लावा."

"त्यांच्याच भिंतीवर."

"लावा म्हटलं ना, बाई."

फलक लावायला इलेक्ट्रिशियन आला, बघायला सासूबाईही आल्या. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. मग त्याने ड्रिल काढलं. भिंतीवर नखाएवढा खड्डा पडला, मशीनमधून जळका वास आला आणि टोक बोथट झालं.

"कुणी बांधलीय हो ही?" त्याने घाम पुसत विचारलं.

सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं. त्यानेही वाकून नाव वाचलं, दोन्ही ओळी वाचल्या आणि ड्रिल पेटीत ठेवलं.

"बाजूच्या भिंतीवर लावू. तिथं खिळा अंगठ्यानं दाबला तरी जाईल."

"तिथे नको," बायको म्हणाली.

तेव्हा सासूबाई उठल्या. स्वतःची खुर्ची त्यांनी भिंतीपाशी ओढत नेली, हाताने पुसली आणि फलक तिच्यावर भिंतीला टेकवून ठेवला.

"तात्पुरतं चालेल," चिटणीस म्हणाले.

त्याला आता दोन वर्षं झाली. संघटनेकडे चाळीस खुर्च्या आहेत. सभेला एकोणचाळीस वापरता येतात.