स्वारी निघावी

देवासच्या वाकनिसांच्या दत्तमंदिरातली पालखी श्रीपादराव वाकनीस "स्वारी निघावी!" म्हणाल्याशिवाय चौरंगावरून उठत नसे. त्यांच्याआधी त्यांचे वडील म्हणत, वडिलांच्या आधी आजोबा. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे संस्थान गेलं, हुद्दा गेला, दरबारी पागोटी बोहारणीनं नेली, आणि घरात हे दोन शब्द तेवढे राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. वाकनिसांचा पीळ वर्षातून एकदा, दत्तजयंतीला दिवेलागणीच्या वेळी, चारचौघांत बाहेर काढला जाई आणि सुंठवडा खाऊन सगळे घरी जात.

यंदा पंचाईत झाली. श्रीपादराव, म्हणजे घरातले अण्णा, दिवाळीनंतर न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी अल्पना त्यांना धारला आपल्या घरी घेऊन आली. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं.

"डॉक्टरांना पालखीचं सांगितलंस का?" अण्णांनी विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, हट्ट केलात तर तुम्हालाच पालखीतून आणावं लागेल."

अण्णा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला हाक मारली.

जावई योगेंद्र पीथमपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात होता. त्याचे वडील जळगावकडून नोकरीसाठी इकडे आलेले. वाकनिसांच्या लेखी ही सगळी मंडळी 'कारखान्याबरोबर आलेले मराठी', म्हणजे मराठीच, पण अजून ओली. जावई दशमग्रह असतो असं जग म्हणतं. या घरात त्या ग्रहाची शांत करण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, अण्णांनी त्याला 'योगेंद्रराव' म्हणून सन्मानानं बसवलं, चहा दिला, आणि कधी काही मागितलं नाही. आज पहिल्यांदा मागत होते.

"योगेंद्रराव, मला इथून पालखी दिसली पाहिजे. आणि मी बोललेलं तिथं ऐकू गेलं पाहिजे. होईल का?"

"होईल, अण्णा," योगेंद्र म्हणाला. त्याला एवढा आनंद झाला की शिफ्टच्या बसमध्ये तो उभ्यानं गेला आणि जागा रिकामी आहे हे त्याला धारच्या भोजशाळेपासून पीथमपूरपर्यंत कळलं नाही.

देवासच्या बाजूला अण्णांचा पुतण्या अजेय होता. गेल्या वर्षी त्यानंच फुकटच्या ॲपवरून पालखी जगाला दाखवली होती. ऐन मंत्रपुष्पांजलीत बनियनची जाहिरात आली आणि पुण्याच्या आत्याबाईंनी हात जोडलेले असल्यामुळे तिलाही नमस्कार केला. तेव्हा यंदा फुकटचं नको, असं ठरलं. योगेंद्रनं क्लाउडवर रीतसर पैसे भरून घरचं चॅनल काढलं. देवळातल्या कॅमेऱ्याचं चित्र त्या चॅनलवर चढवायला एक गुप्त किल्ली लागते. ती त्यानं अजेयला पाठवली आणि बजावलं, की ही कुणाला देऊ नकोस. अजेयनं ती सुरक्षित राहावी म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. योगेंद्रनं दुसरी किल्ली काढली.

मग सजावट. पडद्याच्या कोपऱ्यात देवळाचा कळस, खाली 'श्री दत्त संस्थान, देवास' अशी पट्टी. पट्टीचा भगवा अण्णांना फार झाला, केशरी हवा होता. केशरी केला. थेट प्रक्षेपणाचा लाल ठिपका पाहून ते म्हणाले, "देवापुढे लाल दिवा कसला? गाडी थांबवायची आहे का?" योगेंद्रनं रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत लाल ठिपक्याच्या जागी समईची ज्योत बसवली. अण्णांनी ती पाहून मान हलवली. वाकनिसांच्या घरात मान हलवणं म्हणजे शाल-श्रीफळ.

खरी गोम पुढेच होती. चित्र किती लवकर पोचवायचं, असं तो प्लॅटफॉर्म विचारतो. योगेंद्रनं आधी सर्वांत लवकर निवडलं. पण मंदिराच्या गल्लीत इंटरनेट यथातथाच, त्यामुळे घाईत निघालेलं चित्र वाटेत फुटलं. दत्ताला तोंडं तीन; टीव्हीवर ती बारा झाली, तीही चौकोनी. मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलची तीच गत. "हे कोण दैवत?" अण्णांनी विचारलं. तेव्हा योगेंद्रनं चित्राला दम खाऊ दिला. देव स्वच्छ दिसू लागला, पादुकांवरची फुलंसुद्धा मोजता यावीत इतका. फक्त देवासला जे घडे ते धारला अर्ध्या मिनिटानं दिसे. अमेरिकेतून पालखी बघणाऱ्या अण्णांच्या भाच्याला अर्ध्या मिनिटानं काय फरक पडणार होता? फरक पडला तो धारला.

आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली. देवळात फोन लाउडस्पीकरला जोडला होता आणि शिट्टी वाजू नये म्हणून त्याचा माइक बंद ठेवला होता, म्हणजे अण्णांचा शब्द लगोलग पोचे, पण तिकडचं काही फोनवर येत नसे. उशीर होता तो फक्त चित्राला आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या आवाजाला. अण्णा धुतलेलं धोतर नेसून टीव्हीसमोर बसले. पडद्यावर रिकामी पालखी, भोवती भोई, पुढच्या दांडीशी मानसिंगराव. मानसिंगराव पालखीचे जुने मानकरी, अण्णांच्याच वयाकडे झुकलेले.

"स्वारी निघावी!" अण्णा फोनवर म्हणाले.

पडद्यावर कुणी हललं नाही. मानसिंगराव कान खाजवत होते.

"ऐकू गेलं नाही," अण्णा म्हणाले आणि आवाज चढवला. "स्वारी निघावी!"

एकानं जांभई दिली. अण्णांच्या मानेवरची शीर फुगली. "स्वारी निघावी म्हणतो ना मी!"

आणि मग पडद्यावर पालखी सावकाश उचलली गेली. देवासला ती पहिल्याच हाकेला उचलली होती. दुसऱ्या हाकेला बिचारे भोई चालू लागले आणि तिसरीला पळत सुटले होते. अण्णांना मात्र एवढंच दिसलं, की तीनदा ओरडावं तेव्हा एकदा उचलतात.

योगेंद्रनं सगळं समजावून सांगितलं. अण्णांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. ते म्हणाले, "मला उशीर शिकवू नका. धरणातून सोडलेलं पाणी शेवटच्या शेताला दुसऱ्या दिवशी लागतं, हे मी जन्मभर पाहिलंय. पण शेतकरी पाण्याकडे बघत बसतो. मी माणसांकडे बघत होतो."

"मग आपण अर्धं मिनिट आधी म्हटलं तर?" अल्पना म्हणाली. "इकडे मंत्रपुष्पांजली संपत आली की लगेच."

"मला मंत्रपुष्पांजली चालू दिसतेय आणि मी देवाला म्हणू, निघा? पाहुण्यालासुद्धा कुणी असं घालवत नाही."

त्या रात्री अण्णा अर्धीच भाकरी खाऊन उठले. उठताना म्हणाले, "पुढच्या वर्षापासून अजेयनंच म्हणावं. माणूस नजरेसमोर नसला की त्याचा शब्दही नसतो." हे त्यांनी हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं. योगेंद्र मात्र स्वतःला दोष देत बसला. म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, आणि आपण त्याला घरबसल्या दाखवलं काय, तर त्याचं कुणी ऐकत नाही.

रात्रभर विचार करून त्यानं तोड काढली. तोड फार सोपी होती, आणि सोप्या तोडीत असतं तेवढं पाप तिच्यात होतं. आरती, मंत्रपुष्पांजली, मग तीन घंटा, आणि तिसऱ्या घंटेला अण्णांचा शब्द, हा क्रम कधी चुकला नव्हता. मग देवासवाल्यांनी शब्दाची वाट पाहायचीच कशाला? तिसरी घंटा झाली की आपली आपण पालखी उचलावी. अर्ध्या मिनिटानं धारला तिसरी घंटा ऐकू येईल, अण्णा "स्वारी निघावी" म्हणतील, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पालखी तत्काळ उठेल. खरा शब्द देवासला पोचेल तेव्हा पालखी दारात असेल, पण ते अण्णांना कुठे दिसणार?

त्यानं सकाळी अजेयला फोन केला.

"एकदम सही, जिजाजी," अजेय म्हणाला. "पण मानसिंगराव मानणार नाहीत. थांबा, देतो."

मानसिंगराव फोनवर आले. "बिना आवाज के दांडीला हात नाही लावत, भिया. बापानं नाही लावला, मी नाही लावणार."

योगेंद्रनं डोळे मिटले. "आवाज आलाय, मानसिंगराव. अण्णांनी हुकूम मला आधीच देऊन ठेवलाय. तिसऱ्या घंटेला उचला, असं त्यांचं सांगणं आहे."

"अण्णासाहेब बोले?"

"बोलले."

"मग ठीक."

दिवेलागणीला अण्णा टीव्हीसमोर बसले. आज धोतराबरोबर उपरणंही होतं, डोक्याला टोपी होती. अल्पनानं शेजारी सुंठवड्याची वाटी ठेवली. पडद्यावर देऊळ उजळलं होतं, कोपऱ्यात समईची ज्योत हलत होती. आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली आणि बनियन आलं नाही. अण्णांनी फोन तोंडाजवळ धरला. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. योगेंद्रनं मांडीखाली हात दाबून धरले होते. तिसरी झाली.

अण्णा बोलले नाहीत. ते पुढे वाकून पडद्याकडे बघत होते.

पादुकांवर छत्र नव्हतं. दरवर्षी अण्णा मागे वळून "छत्र" म्हणत आणि कुणीतरी ते उघडून धरी. यंदा मागे वळायला अण्णाच नव्हते, आणि अजेय कॅमेऱ्याशी खटपट करत होता. छत्राशिवाय देव उंबऱ्याबाहेर पडल्याचं वाकनिसांच्या चार पिढ्यांत घडलेलं नव्हतं.

"थांबा," अण्णा फोनवर म्हणाले. "छत्र नाही."

त्यांच्या तोंडातून 'थांबा' निघालं आणि पडद्यावर पालखी उचलली गेली. छान उचलली, चौघांनी एकदम. मग ती वळली आणि वाजतगाजत चौकटीबाहेर गेली. मागोमाग माणसं गेली. मोकळा चौरंग उरला.

अण्णांनी फोन अल्पनाकडे दिला. "ठेव." तिनं गडबडीत तो बंदच केला.

"कुणी सांगितलं त्यांना?" अण्णांनी विचारलं. रागानं नव्हे. राग आला असता तर योगेंद्रला बरं वाटलं असतं.

"मी, अण्णा."

"तुम्ही?"

"तुमच्या नावानं सांगितलं. तुम्हाला दिसावं, की तुम्ही म्हटलं आणि लगेच..."  

अण्णा रिकाम्या चौरंगाकडे बघत होते. "बरं केलंत," ते म्हणाले. "नाहीतर खोळंबा झाला असता." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अल्पनानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला पीथमपूरची रात्रपाळी जवळची वाटली.

तेवढ्यात चौकटीच्या कडेनं काहीतरी आत आलं. आधी पालखीची मागची दांडी आली, मग मागच्या भोयांच्या पाठी. पालखी उलटी चालत येत होती. ढोलवालाही उलट्या पावलांनी येत होता. स्ट्रीम मागे फिरतेय की काय, असं योगेंद्रला वाटलं. अमेरिकेच्या भाच्यालाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'मामा, रिमोट कुणाच्या हातात आहे?' पण निघालेला देव फेरी पुरी होईपर्यंत तोंड फिरवत नाही, असा तिथला नेम होता. परत यायचं तर मागं मागंच यायला हवं. चार म्हातारे-तरणे भोई, मागं न बघता, पायानं पायरी चाचपत, पालखी चौरंगापर्यंत घेऊन आले.

फोन वाजला. अजेय होता. अल्पनानं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, अण्णाकाकांना दे ना जल्दी. त्यांचा आवाज आला 'थांबा', आणि मानसिंगराव बीच गली में जाम झाले. म्हणतात, अण्णासाहेबांनी थांबवलं, आता अण्णासाहेबच काढतील. पुरी जनता खडी है."

मागून मानसिंगरावांचा आवाज आला. "अण्णासाहेब, माफी. छत्र धरलंय. हुकूम?"

"मला दिसू दे," अण्णा म्हणाले.

पलीकडे सगळं केव्हाच उरकलं होतं. इकडे पडद्यावर पालखी चौरंगावर टेकली, कुणीतरी छत्र आणलं, ते अर्धवट उघडून अडकलं, मानसिंगरावांनी गुडघ्यावर आपटून उघडलं आणि पादुकांवर धरलं. मग सगळा जमाव कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. कुणी जांभई दिली नाही, कान खाजवला नाही.

अण्णांनी टोपी घातली. फोन तोंडाजवळ नेला.

"स्वारी निघावी!"

पडद्यावर काही हललं नाही. जमाव उभाच होता. योगेंद्र पडद्याकडे बघत राहिला. हे अर्धं मिनिट त्यानंच स्वतः निवडून घेतलं होतं, आणि ते संपता संपत नव्हतं. त्यानं चोरून सासऱ्यांकडे पाहिलं. अण्णांनी फोन बंद करून खाली ठेवला होता, हात जोडले होते आणि डोळे मिटून घेतले होते.

पालखी उठली.

"अण्णा, उचलली," योगेंद्र म्हणाला. "बघा, उचलली."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. डोळे त्यांनी उघडले नाहीत.