हललेली रांग

झाड हललं.

तिचा नुसता कोपर टेकला होता. टँकरचा पाइप खांद्यावरून उतरवून दुसऱ्या आळ्यात सोडताना जरा तोल गेला, म्हणून तुतीच्या त्या कोवळ्या खोडाचा आधार घेतला, आणि झाड जागच्या जागी गर्रकन फिरलं. बाटलीच्या तोंडात सैल बसलेलं बूच फिरावं तसं.

पाणी वाहत राहिलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि गुडघ्यावर बसून बोटानं माती उकरली. ओल्या मातीखाली बोटाला गुळगुळीत काहीतरी लागलं. काळं, चिवट. प्लॅस्टिक.

रोपवाटिकेतून झाडं काळ्या पिशवीत येतात. ती पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, मुळं मोकळी करायची, मग रोप खड्ड्यात उतरवायचं. चिरलेली पिशवी शेजारच्या आधाराच्या काठीला अडकवायची, म्हणजे मुकादमाला लांबूनच कळतं, काम नीट झालंय. पिशवीसकट पुरलं, तर झाड काही दिवस इतर झाडांसारखंच दिसतं. मुळं आतल्या आत गोल गोल फिरत राहतात, आणि एके दिवशी त्याचा जीव गुदमरतो.

ती पुढच्या झाडापाशी गेली. हललं. त्याच्या पुढचंही. रांगेतली पानं पिवळी पडत होती, तेव्हा सगळ्यांनी गाड्यांच्या धुराला शिव्या दिल्या होत्या.

ही रांग तिच्या नवऱ्याची होती.

वस्तीतल्या बिनकामाच्या माणसांना रोजावर घ्यायचं, त्यांच्याच रस्त्याकडेला त्यांच्याकडूनच झाडं लावून घ्यायची आणि वर्षभर जगवायची, अशी ती योजना होती. त्याचं सलून बंद पडलं, तिचं शिवणकाम आधीच आटलं होतं. मुकादम झाली होती त्याची धाकटी बहीण, म्हणजे हिची नणंद. तिनंच दोघांना टोळीत घेतलं. लागवडीच्या दिवशी बायकांची टोळी गप्पांत रंगली होती, आणि ही आपली दर झाडामागं एक ओळ जुळवत होती:

मूळ मोकळं सोडावं, माती मागावी मायेनं,
झाड उन्हानं वाढावं, माणूस झाडाच्या छायेनं.

"कवयित्रीबाई, हात चालवा!" नणंद ओरडली होती. आणि तो म्हणाला होता, "मला हा गलका सोसत नाही. पलीकडची रांग मी एकटा लावतो." त्या रांगेतल्या प्रत्येक काठीला चिरलेली पिशवी लटकत होती. आता तिला कळलं, त्या पिशव्या बायकांच्या आधीच्या, पाहून झालेल्या रांगांवरून उतरवलेल्या ढिगातल्या होत्या.

पण का? आळशी तर तो कधीच नव्हता. गिऱ्हाइकाच्या मानेवरचा एक केस राहिला तर त्याला जेवण जात नसे.

"ओ ताई!" टँकरवाल्यानं हॉर्न दिला. "त्या झाडाला आंघोळ घालताय की बुडवून मारताय?"

ती दचकली. रस्त्याच्या वरच्या टोकाला पांढरी गाडी थांबली होती. तपासणीच्या मॅडम उतरत होत्या. त्या वहीत बघत नसत, पानं मोजत नसत. खोड हळूच चिमटीत धरायच्या आणि हलवायच्या. मुळं धरलेलं झाड हलत नाही. जो पिशवीसकट झाड पुरेल तो कामावरून जाईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं.

तिनं कनवटीचं ब्लेड काढलं. निदान कडेचं एक तरी, तिनं ठरवलं. माती भराभर बाजूला सारली, प्लॅस्टिकला ब्लेड लावलं.

"वहिनी, काय चाललंय?"

मागं नणंद उभी होती.

"काही नाही वन्सं. माती बसली होती, जरा सारखी करतेय."

"सारखी करताय की उकरताय?" नणंद वाकली. काळा कोपरा उन्हात चमकला. तिनं तो बोटानं दाबून पाहिला. मग दात आवळून म्हणाली, "ही दादाची रांग."

"माझी आहे."

"मुकादम मी आहे. कुणाला कुठं उभं केलं ते मला सांगता?"

"वन्सं, माती ढकला. पाया पडते. मॅडम अजून लांब आहेत."

"आणि मुळाशी हलवलेलं झाड त्यांच्या हातात हलणार नाही? लोक आधीच म्हणतात, मुकादमीण घरचंच दुकान मांडून बसलीय. आज माझ्या तोंडाला काळं लागणार." तिचा आवाज खाली आला. "का केलं त्यानं असं? घरी काही भांडण?"

"मला काय माहीत!"

खरंच माहीत नव्हतं. पण दोन-चार गोष्टी आत्ताच, त्या चिखलात बसल्याबसल्या, एकमेकींना शोधत जवळ यायला लागल्या होत्या. तो चहा कपात घ्यायचा नाही, अर्धा ग्लास भरून मागायचा. चारचौघांत हात कायम खिशात. आणि दाढी. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्यांवर तुटून पडणारा माणूस सलून बंद झाल्यापासून दाढी वाढवून बसला होता. "धंद्याचं सुतक," म्हणायचा आणि हसायचा. तीही हसायची.

तो टँकरपाशी उभा होता. हात खिशात. बायकोचा चेहरा पाहून तो चालत आला, आणि उकरलेली माती पाहून तिथंच थबकला.

मॅडम आल्या. पहिलं झाड चिमटीत धरलं. फिरलं. दुसरं धरलं. फिरलं. पुढच्यांना त्यांनी हातच लावला नाही.

"एखाद्या झाडात चूक होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "अख्ख्या रांगेत होत नाही. आणि वर काठ्यांना पिशव्या लावल्यात. म्हणजे ही चूक नाही. कुणाची रांग?"

नणंदेची नजर दादाकडं गेली.

"माझी," ती चिखलातून उठत म्हणाली. "मीच लावली. घाईत होते."

"मग बाई, उद्यापासून तुम्ही..."

"थांबा," तो म्हणाला. "तिला गप्प बसवा. ती खोटं बोलतेय."

"अहो, तुम्ही मधे पडू नका."

"ब्लेड दे."

"अहो..."

"दे म्हणतो ना."

त्यानं खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि तिच्या बोटांतून ब्लेड घेतलं. ते धरून हात पुढं केला. दुपारचं ऊन ब्लेडवर पडलं आणि त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर पिसाटासारखा पळत सुटला. खाली, वर, खिडकीवर, पुन्हा खाली. तो हात थांबवायचा प्रयत्न करत होता, ते कपाळावरच्या शिरेवरून दिसत होतं. कवडसा थांबत नव्हता.

"एका गिऱ्हाइकाचा कान कापला," तो म्हणाला. "नव्या सलूनमुळं धंदा बुडाला म्हणून सांगत होतो, ते खोटं. मीच कुलूप लावलं. पुढचा वार गळ्यावर झाला असता. इथं वाटलं, माती उकरायची, फावडं मारायचं, निभेल. फावडं निभलं. पिशवी चिरता येईना."

"मला हाक मारायची," ती पुटपुटली.

"तुला काय सांगायचं? वस्तरा धरणाऱ्याचा हात गेला म्हणून?"

टँकरवाल्यानं पाण्याचा कॉक बंद केला. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"लपवायलाच वेळ पुरला नाही मॅडम, दाखवणार कधी?"

त्या हसल्या नाहीत. "पाणी घालणं, राखण करणं, अशी कामं मागून पाहीन. मिळतीलच असं सांगत नाही. पण हे असं पुरलेलं मी पाहिलं आणि सोडलं, तर उद्या सगळ्या रस्त्यानं पुरलेलं मिळेल." आणि नणंदेकडं वळल्या. "मुकादम, नियम तुम्हाला ठाऊक आहे."

नणंद भावासमोर उभी राहिली. लहानपणी आई कामावर गेली की हाच दादा तिच्या घट्ट वेण्या घालून द्यायचा, भांग असा सरळ की शाळेत बाई विचारायच्या, आईनं घातल्या का म्हणून. तिनं त्याच्या हातातलं ब्लेड अलगद काढून घेतलं.

"दादा," ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला. "नीट बोललीस. आवाज नाही हलला."

मग नणंदेनं पाठ फिरवली आणि बायकांवर एवढ्या जोरात खेकसली की पलीकडच्या खिडक्या उघडल्या. "बघता काय? फावडी आणा! सगळी रांग बाहेर काढायची, आजच्या आज!"

काढली. पिशव्या चिरल्या. वळ्या वळ्या झालेली मुळं बोटांनी सोडवली, मेलेली छाटली, झाडं पुन्हा उतरवली, माती पायानं दाबली. जगतील की नाही ते झाडांनाच ठाऊक. कुणी गाणं म्हटलं नाही. तो फुटपाथच्या कडेला बसून रिकाम्या पिशव्या एकात एक घालत होता. तेवढं त्याच्या हातांना जमत होतं.

घरी आल्यावर उजेड अजून होता. तिनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, कपाटाच्या तळातून त्याची पेटी काढली. वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी.

"हे काय?"

"बसा."

"राहू दे. दाढी शोभते, तूच म्हणाली होतीस."

"मी काय, काहीही म्हणते. बसा."

तो बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिनं फेस केला, लावला. वस्तरा उघडला आणि गालापाशी नेऊन तिथंच थांबली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "डाव्या हातानं कातडी ताण. वस्तरा उभा नाही, निजवून धर. हां. केसांच्या कलानं ये. ओढू नकोस, त्याचं त्याला जाऊ दे."

ती कलानं येत गेली. गालावरून, हनुवटीवरून, मग गळ्यावरून. खुर्चीचे पाय फरशीवर बारीक खडखड वाजत होते, एवढे त्याचे गुडघे हलत होते. मान मात्र त्यानं तिच्यापुढं अशी धरली होती, जशी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकानं त्याच्यापुढं धरली नसेल.

तिनं ओल्या फडक्यानं चेहरा पुसला. आतून जुना माणूस निघाला, जरा ओसरलेला.

"झालं," ती म्हणाली.

त्यानं मांडीखालचा हात सोडवला. तो हवेत हेलकावत, चाचपडत जबड्याखाली गेला आणि तिथं एका जागी टेकला.

"इथं राहिलंय," तो म्हणाला.

तिनं वाकून पाहिलं. एकच केस होता. बोट थरथरत होतं, पण जागा बरोबर होती.