चौदा तुती

धाकट्याची ही खोड जन्माची. तोंड उघडायची वेळ आली की चहाचा कप तोंडाला लावायचा. घराला आग लागली तरी हा आधी फुंकर मारून चहा पिणार, मग म्हणणार, "वहिनी, धूर येतोय वाटतं." चाळीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजायची साखळी ओढली, लोकांची बांधांवरची भांडणं ऐकली, पण त्यातला एक शब्द घरी आणला नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा आठ वर्षांचा. तिनेच त्याचं नाक पुसलं, तिनेच त्याला नोकरीला लावलं. त्यामुळे दीर असला तरी ती त्याला अरेतुरे करी, आणि तो सत्तरीला टेकला तरी तिच्यापुढे मान खाली घालून बसे.

यंदा विजेच्या उंच तारा नेणारी माणसं शेतात येऊन गेली. बांधावरच्या तुतींवर तांबड्या रंगात आकडे टाकले, एक ते चौदा, आणि तिच्या हातात कागद कोंबला. तिला अक्षरं लागत, पण एकेक करून. आणि कोणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे कमीपणा. कागद तिने पिठाच्या डब्याखाली ठेवला. आकड्यांनी मात्र तिचं डोकं फिरलं.

ती झाडं लेकीची. बारा वर्षांची असताना पोरीने रेशमाचे किडे पाळायचं वेड घेतलं, बुटांच्या खोक्यात. पाला पुरेना म्हणून कुठून कुठून तुतीच्या काड्या आणून बांधावर खोचल्या. किडे महिन्याभरात मेले. पोर एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. काड्या तेवढ्या राहिल्या आणि छपराच्या वर गेल्या.

वाळवी लागू नये म्हणून ती दर वर्षी बुंध्यांना चुना लावी. यंदा दोन हात दिले. धाकटा बादली धरून मागे मागे.

तिसऱ्या झाडाशी तो घुटमळला. "वहिनी, एक सांगू का?"

"चुना पातळ झालाय, हेच ना? मग ढवळ."

त्याने ढवळला.

"माझ्या झाडांना नंबर देतायत! बाजारातली जनावरं आहेत का?" चौदावा आकडा बुजला तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून हसलीसुद्धा. "म्हणावं, शोधा आता."

दोन महिन्यांनी तारांच्या वाटेबद्दल सुनावणी लागली. ती इस्त्रीचे कपडे घालून गेली, जिंकायलाच निघाल्यासारखी. टेबलामागे तरुण अधिकारी बाई होत्या. आवाज मऊ होता, तेच वाईट. भांडायला काही हाती लागेना.

"आजी, तुमचा हक्क होता," त्या म्हणाल्या. "दहाच्या वर मोठी झाडं असली तर तारांना आधी दुसरी वाट शोधावी लागते. पलीकडे माळ रिकामाच आहे. वळवली असती लाइन."

"मग वळवा की. चौदा आहेत."

बाईंनी फाइल तिच्याकडे फिरवली. "पहिल्या पाहणीत चौदा. दुसऱ्या पाहणीत फक्त नंबर असलेली झाडं मोजतात. एकही सापडलं नाही. तुम्हाला दिलेल्या कागदात लिहिलं होतं, खुणा पुसू नका, पुसल्या गेल्या तर तीस दिवसांत कळवा."

"झाडं उभी आहेत ना! मोजणाऱ्यांना डोळे नव्हते?"

"होते, आजी. पण मुदत टळली. वर दाद मागता येईल, आणि मागाच. पण तोवर काम थांबवायचा अधिकार मला नाही."

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली आणि शेजारी पाहिलं. धाकटा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. जन्मभर साखळी ओढलेल्या माणसाला खूण म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं होय?

घरी पोचेपर्यंत तिने त्याला सोलून काढला. मुका, मेंगळट, खाल्ल्या घरचा वैरी. तो एकदाच म्हणाला, "वहिनी, मी तेव्हा..." आणि तिची नजर बघून थांबला.

सोमवारी सकाळी करवती आल्या. वर केलेल्या अर्जाची पोच तिच्या मुठीत होती. मुकादमाने ती नीट वाचली, घडी घालून परत दिली. "माफ करा, आजी."

ती बांधाजवळ खुर्ची टाकून बसली. धाकटा मागे उभा राहिला. पहिलं झाड पडलं तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याच्या सालीचा तुकडा उडून तिच्या पायाशी आला. वरचा चुना तडकून सुटला होता आणि खाली तांबडा तीन, जसाच्या तसा.

तिने तो उचलून मांडीवर घेतला. बोटाने उरलेला चुना खरवडला. तिसरं झाड. बादली. एक सांगू का.

करवत चौथ्याला लागली. ती मागे न वळता म्हणाली, "ऐक. तुला माहीत असून तू बादली धरलीस, त्याची माफी नाही. मरेपर्यंत नाही. पण तू तोंड उघडलं होतंस रे, आणि ते मी बंद केलं. आजवर मीच करत आले. पोरीची झाडं तू नाही घालवलीस, मी घालवली. आता तिथे उभा राहू नकोस, इथे बस माझ्याजवळ. आणि तेव्हा जे सांगणार होतास ते सांग. सगळं सांग. मी ऐकते."